सालुव्हियसचे अकरावे पत्र

पेटी उघडली तेव्हा पुस्तक जागेवर होते. पुस्तकाच्या आतले पुस्तक मात्र गेले होते.

हे पहिल्यांदा लक्षात आले ते पाहुण्याच्या. पादुआचे पंडित लोदोविको काप्रा सहा दिवस गलबतात ओकत आमच्या त्रावन्याला येऊन पोचले होते, ते या एकाच पुस्तकासाठी. म्हाताऱ्या पाद्री शिमेबाबांनी गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडली, हात आत घालून चाचपडत लाकडी पुठ्ठ्याचे पुस्तक बाहेर काढले आणि पाहुण्याच्या हातात दिले. काप्रांनी पितळी कडी सोडली. एक पान उलटले, मग दुसरे, मग एकदम मधले.

"हे स्तोत्रांचं पुस्तक आहे," ते म्हणाले. "असली पुस्तकं आमच्याकडे चर्चच्या माळ्यावर पडलेली असतात."

चर्चच्या वस्त्रखोलीत तेव्हा पाच माणसे होती. काप्रा, शिमेबाबा, व्हेनिसहून नेमून आलेले आमचे नगरपाल, शाळेचे ग्रुबान मास्तर आणि कमरेला दौत लावलेला नगराचा लेखनिक कोलान.

सालुव्हियस हा आमचा एकुलता एक मोठा माणूस. रोमन राज्यात तो इथल्या मिठागरांवर अधिकारी होता आणि इथूनच त्याने आपल्या मित्राला पत्रे लिहिली. ती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. होती ती या पेटीत, कोणा जुन्या साधूने चर्मपत्रावर उतरवलेली, इतक्या काटेरी अक्षरात की आमच्या गावात ती एकट्या ग्रुबानला लागत. मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी पुस्तक उसने नेले, ईस्टरनंतर ते ख्रिसमसपर्यंत बसून सुबक गोल अक्षरात त्याची नवी प्रत केली आणि जुने परत आणून दिले. नवी प्रत नगरसभेच्या दालनात मांडली गेली. तिच्या नकला पादुआला गेल्या, फ्लॉरेन्सला गेल्या, हंगेरीच्या राजाच्या दरबारात गेल्या. त्रावना नकाशात कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते ते आम्हाला पत्रे लिहू लागले. आमच्या नगरसभेतले खाटीकसुद्धा त्या दिवसांत सालुव्हियसबद्दल असे बोलत की जणू तो त्यांचा मावसभाऊ.

नवी प्रत आल्यावर जुन्या पुस्तकाकडे कोण बघतो? पेटी बंद झाली, ती वाचायला म्हणून पुन्हा कोणी उघडली नाही.

पहिल्यांदा ग्रुबान मास्तर बोलले. परवा मंगळवारी फ्लॉरेन्सच्या दलालाचे गलबत बंदरात होते, तो माणूस जुन्या पुस्तकांना वाटेल ती किंमत देतो, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "पेटीची किल्ली कोणाकडे असते, हे मी सांगायला नको."

सगळ्यांनी शिमेबाबांकडे पाहिले. शिमेबाबांना ते दिसले नाही. त्यांना फारसे काही दिसतच नसे.

नगरपालांनी फार वेळ घेतला नाही. उद्या दुपारी सरकारी गलबत व्हेनिसला निघणार होते. म्हाताऱ्याला त्यातून चौकशीसाठी पाठवायचे, आणि लेखनिकाने तोवर त्याची जबानी लिहून ठेवायची. ऐंशी वर्षांचा माणूस व्हेनिसच्या कोठडीत गेला की परत येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. कोलानलाही कळले. त्याने मान हलवली आणि दौतीचे झाकण घट्ट आहे ना ते बघितले.

कोलानचे असे पावणेदोन वर्षे चालले होते. बायको बाळंतपणातच गेलेली. मागे राहिलेली मुलगी येलुशा, तिला त्याने एकट्याने वाढवले आणि गेल्याच्या आदल्या सप्टेंबरात प्लेगने ती नवव्या वर्षी गेली. नियमाप्रमाणे त्याला चाळीस दिवस घरात कोंडून ठेवले. बाहेर आला तो हा असा. काम चोख करी, कोणी बोलले तर उत्तर देई, ताटात येईल ते खाई. खारट आहे म्हटले तर हो म्हणे, अळणी आहे म्हटले तरी हो म्हणे. तिचे नाव त्याने तेव्हापासून तोंडातून काढले नव्हते. रडलाही नव्हता. आमच्या बायका म्हणत, हा दगड झाला. मला तसे वाटत नाही, पण माझे कोण ऐकतो.

जबानीसाठी कागद आणायला तो सभेच्या दालनात गेला, तर तिथे काप्रा नव्या प्रतीसमोर बसलेले. एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस, निदान नक्कल तरी डोळे भरून बघावी म्हणून आलेला. कोलानला बघून त्यांना बोलायला कोणीतरी मिळाले.

"दहा पत्रांत काय आहे? मीठ, गळकं छप्पर, खेचरावरून चुलतभावाशी भांडण," ते म्हणाले. "त्यासाठी मी घरचा उंबराही ओलांडला नसता. मी आलो ते या अकराव्यासाठी."

आणि त्यांनी ते मोठ्याने वाचले. लॅटिन कोलानला येत होतेच, लेखनिकाचे पोट त्यावरच असते. आपल्या भाषेत ते साधारण असे होते:

"मिठागरावर आज काम सुरू होतं, मी माणसांना कामं वाटून दिली आणि घरी आलो. तुला माझी मुलगी आठवत असेल. झग्याचं मानेमागचं सगळ्यात वरचं बटण ती रोज उघडं ठेवायची. ते मी लावायचं, असा आमचा नेम होता. शेवटच्या दिवशी बायकांनी तिला तयार केलं. मी गेलो तेव्हा बटण लावलेलं होतं. माझ्यासाठी काहीच काम उरलं नव्हतं."

काप्रांनी नाक पुसले. पादुआत त्यांचे विद्यार्थी हे ऐकून रडले होते म्हणे. चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण बघा, अगदी आपल्यासारखा. यासाठीच तर आपण जुन्या भाषा शिकतो, असे ते म्हणाले.

कोलानने हे पत्र पहिल्यांदा ऐकले ते नवी प्रत दालनात आली त्या दिवशी. येलुशाचेही तसेच होते, अगदी तेच बटण. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की बाप सगळीकडे सारखेच असतात, रोममध्येही आणि त्रावन्यातही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्याला झोप लागली होती. एवढा एकच उपकार त्याच्यावर कोणी केला असेल तर तो या सालुव्हियसने. कागद घेऊन तो निघाला.

शिमेबाबांच्या घरी त्यांची बहीण स्तोशा गाठोडे बांधत होती. लोकरीचे मोजे, वाळवलेले अंजीर, चीजचा तुकडा. कोलानला बघून तिने तोंड फिरवले. "ये, लिहून घे," ती म्हणाली. "माणूस जिवंत असेस्तोवर लिहून घेतलेलं बरं. तुला तेवढंच तर जमतं."

कोलानने कागद मांडीवर घेतला आणि विचारायला सुरुवात केली.

"पुस्तक शेवटचं हातात कधी घेतलंत, पाद्रीबाबा?"

"यंदाच्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या. दर वर्षी घेतो."

"कशासाठी?"

"आशीर्वाद दिलेली ऑलिव्हची डहाळी ठेवायला. पेटीतल्या प्रत्येक पुस्तकात एक. कसर लागत नाही."

"मागच्या वर्षीची काढून टाकता?"

"आशीर्वादाची वस्तू काढून टाकणार कोण? राहते तिथंच. बावीस वर्षांच्या आहेत सगळ्या."

"एखादं वर्ष चुकलं असेल."

"प्लेगच्या वर्षीही चुकलं नाही, पोरा. रोज सात-आठ माणसं पुरत होतो, तरी नाही चुकलं."

"मग आतली पानं बदललेली कळली नाहीत?"

म्हातारा हसला. "मला तुझं तोंडसुद्धा दिसत नाही. मी बोटांनी बघतो. त्या पुठ्ठ्याला किड्यानं पाडलेली दोन भोकं आहेत, ती लागली की माझं पुस्तक."

"किल्ली कोणाला दिली होतीत?"

"कोणालाच नाही. पुस्तक एकदा दिलं, ग्रुबानला. त्यानं ते वेळेवर आणून दिलं, पुसून बिसून. चांगला माणूस आहे." मग त्यांनी विचारले, "गलबतावर पाणी देतात ना रे प्यायला? स्तोशा घाबरते."

कोलानने लिहिलेले सगळे त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. आमच्याकडे तसा कायदाच आहे. लेखनिकाने जे लिहिले ते त्याने साक्षीदारांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचले नाही, तर त्या कागदाला अर्थ नाही. शिमेबाबांनी अंगठा उठवला. काम खरे तर इथे संपले होते.

पण जबानीत एक आकडा होता, बावीस, आणि आकडा पडताळून बघायची लेखनिकाला सवय असते. म्हाताऱ्याची कणव आली म्हणून कोलान वस्त्रखोलीत परत गेला असे मी म्हणणार नाही. सवयीने गेला.

पेटी तशीच उघडी होती. तिच्यातले दुसरे एक पुस्तक त्याने उघडले. पानापानांत चुरा झालेल्या डहाळ्या होत्या, आणि जिथे जिथे डहाळी तिथे पानावर तिचा तपकिरी ठसा उमटलेला. मोजल्या, तर बावीस. तिसऱ्या पुस्तकातही बावीस. मग त्याने स्तोत्रांची पाने घातलेले सालुव्हियसचे पुस्तक घेतले. त्यात दोन डहाळ्या होत्या. एक अजून हिरवट, दुसरी राखाडी. ठसेही दोनच.

पुढच्या पुठ्ठ्यात किड्याची दोन भोके आरपार गेली होती. त्यांच्या खालचे पहिले पान मात्र धड होते.

पानांकडे त्याने उजेडात नेऊन पाहिले. वरच्या बाजू स्वच्छ होत्या. खालचे कोपरे काळे, मऊ आणि झिजून गोल झालेले. एका पानाला मध लागून ते दुसऱ्याला चिकटले होते, आणि एका कोपऱ्यावर बारक्या दातांच्या खुणा होत्या. कोणा पाद्र्याने स्तोत्रे चावल्याचे कोलानने ऐकले नव्हते.

जेवायला तो मासळी बाजारात गेला. तिथल्या भिंतीत एक रोमन थडग्याचा दगड बसवलेला आहे, त्याच्या खालच्या कट्ट्यावर बसून तो रोज तळलेले तारळे आणि पाव खातो. दगडावर एक मुलगी कोरलेली आहे. हातात पक्षी, अंगावरचे वस्त्र खांद्यावर मोठ्या चापाने अडकवलेले. येलुशा लहान असताना त्या पक्ष्याला मासा भरवायची. कोलान त्या दगडाकडे बघत बसला. तारळे गार झाले.

मग तो उठला आणि गावात ज्या ज्या भिंतीत असले दगड आहेत तिथे तिथे जाऊन आला. विहिरीपाशी दोन, वेशीत तीन, तेल्याच्या आवारात एक. प्रत्येकासमोर तो थोडा वेळ उभा राहिला. लोकांना वाटले, आता याचे डोकेही गेले. त्याने काय पाहिले ते मी सांगून ठेवलेले आहे, ज्याला लावायचा त्याने अर्थ लावावा.

शेवटी तो शाळेत गेला. शाळा सुटली होती. ग्रुबान मास्तर एकटेच बाकांवरची शाई पुसत होते. हा माणूस कोलानचा एकुलता एक मित्र. चाळीस दिवस कोंडलेला असताना बाकी गाव त्या गल्लीतून जाईना, तेव्हा ग्रुबान रोज खिडकीखाली उभा राहायचा, पाव टोपलीत ठेवायचा आणि कोलान बोलेल ते ऐकून घ्यायचा.

कोलानने त्याला डहाळ्यांबद्दल काही विचारले नाही. भिंतीवर खिळ्याला एक जाड जुने पुस्तक टांगलेले होते, कडी लावलेले, त्याच्याकडे बघून म्हणाला, "पोरं हल्ली स्तोत्रांवरून अक्षरं शिकत नाहीत?"

"ते पार खिळखिळं झालंय. मी तक्ते करून दिलेत."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं." ग्रुबान पुसायचा थांबला. "का रे? तू लेखनिक आहेस, कोतवाल नाहीस."

"खरं आहे," कोलान म्हणाला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नगरपालांकडून सगळ्यांना पुन्हा वस्त्रखोलीत बोलावून घेतले. स्तोशा गाठोडे घेऊन दारात बसली होती. बंदरात गलबतावर पिंपे चढवत होते, त्याचा आवाज आत येत होता. कोलान उभा राहून बोलला, एखादा जमिनीचा दस्त वाचावा तशा आवाजात.

"पानं फ्लॉरेन्सच्या दलालाला विकली, असं म्हणणं आहे. तो मंगळवारी आला. पण या पानांत डहाळ्या दोन आहेत, यंदाची आणि गेल्या वर्षीची, आणि ठसेही त्यांचेच. म्हणजे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हीच पानं या पुठ्ठ्यात होती. दलालाच्या आधी तेरा महिने."

"म्हाताऱ्यानं जुन्या डहाळ्या काढून टाकल्या असतील," नगरपाल म्हणाले.

"डहाळी काढता येते, ठसा काढता येत नाही. बाकीच्या पुस्तकांत बावीस आहेत, इथे वीस कमी. त्या वीस खऱ्या पानांबरोबर गेल्या. म्हणजे पानं बदलली ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारआधी, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या त्याच सणानंतर. त्या काळात पुस्तक पेटीबाहेर एकदाच गेलं. ईस्टरनंतर गेलं, ख्रिसमसला परत आलं."

ग्रुबान मास्तर म्हणाले, "मी परत आणलं तेव्हा पाद्रीबाबांनी स्वतः तपासून घेतलं."

"पुठ्ठा तपासला. त्यांना दिसत नाही आणि ते बोटांनी बघतात हे तुला माहीत होतं. म्हणून पुठ्ठा तोच ठेवलास. किड्याची भोकं पुठ्ठ्याला आहेत, पानाला नाहीत." कोलानने पुस्तक उघडून कोपरे दाखवले. "ही पानं चर्चची नाहीत. हे कोपरे लहान बोटांनी काळे झालेत, आणि एक कोपरा कोणीतरी चावलाय. ज्या पुस्तकावर पोरं अक्षरं गिरवतात, ते हे. मग शाळेच्या स्तोत्रांच्या पुठ्ठ्यात काय आहे?"

नगरपालांनी शिपायाला पाठवले. तो ते जाड पुस्तक खिळ्यावरून काढून घेऊन येईपर्यंत ग्रुबान भिंतीला टेकून उभा होता. पळायचा प्रयत्न त्याने केला नाही. पळून जाणार कुठे, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे तुर्क.

काप्रांनी कडी सोडली. आत काटेरी जुनी अक्षरे होती आणि पानापानांवर ऑलिव्हच्या पानांचे तपकिरी ठसे. ते हळूहळू वाचत शेवटापर्यंत गेले. शेवटचे पान त्यांनी दोनदा उलटून बघितले.

"दहाच आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "दहाव्या पत्राखाली साधूनं 'समाप्त' लिहिलंय. अकरावं नाहीच."

"नव्हतंच," कोलान म्हणाला. "म्हणून तर जुनं पुस्तक कोणाच्या हाती पडून चालणार नव्हतं. तुम्ही रडलात ते पत्र मास्तरांनी लिहिलंय."

"पण ते रोमन आहे," काप्रा म्हणाले. "भाषा बघा, घडण बघा."

"भाषा उत्तमच आहे. गावात रोमन माणसं कोरलेले सात दगड आहेत, काल मी सगळे बघून आलो. कोणाचं वस्त्र चापानं अडकवलेलं, कोणाचं नुसतं गुंडाळलेलं. एकालाही बटण नाही. रोमन लोकांनी बटणं लावलेली मला कुठे दिसली नाहीत. आपण लावतो."

काप्रांनी नकळत स्वतःच्या छातीवरच्या बटणांना हात लावला. वीस वर्षे ते रोमन लोकांच्या संगतीत राहत होते, आणि इतके राहत होते की त्यांना आपलेच कपडे घालून बसले होते. ग्रुबानचेही तेच झाले होते. असली चूक अडाणी माणसाच्या हातून होत नाही.

"आणि एवढ्यावरून मास्तर?" नगरपालांनी विचारले.

कोलान म्हणाला, "नाही. ते बटण माझ्या मुलीचं आहे. मला कोंडून ठेवलं होतं तेव्हा मी ते खिडकीतून एका माणसाला सांगितलं. एकालाच."

गलबतावर कोणीतरी पिंप पाडले आणि शिव्या दिल्या. ग्रुबान भिंतीशीच खाली बसला.

"सालुव्हियस फार कंटाळवाणा माणूस होता," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी या खडकावर पोरांना विभक्ती शिकवतोय. एक पुस्तक हाती लागलं, तर त्यात मीठ आणि खेचर. आणि तेव्हाच तू खिडकीत उभा राहून ते सांगितलंस. मी घरी जाऊन लिहून काढलं. आयुष्यात एवढं चांगलं मी दुसरं काही लिहिलेलं नाही."

"मग स्वतःच्या नावानं का नाही ठेवलंत?" काप्रांनी विचारले.

"तुम्ही आला असता? त्रावन्याच्या मास्तराचं लॅटिन वाचायला? मेलेला असावा लागतो, आणि जुना. मग तुम्ही लोक डोळे पुसता. खरी पानं जाळायला मात्र हात धजला नाही. रोज पोरांच्या डोक्यावर टांगून ठेवली." मग तो कोलानकडे वळला. "ते ऐकून तुला बरं वाटलं होतं, कोलान. तूच म्हणाला होतास."

"झोप लागली होती."

"मग?"

"काल पाद्रीबाबांना गलबतावर बसवायचं ठरलं तेव्हा तू इथेच उभा होतास. दलालाचं नावही तूच काढलंस. स्तोशा बुडत्या जहाजात बसल्यासारखी दारात बसलीय, तिच्याकडे बघ."

ग्रुबानने स्तोशाकडे बघितले नाही.

नगरपालांनी निकाल दिला. शिमेबाबा घरी जातील. गलबतातली जागा रिकामी राहणार नाही, तिथे मास्तर जातील. नव्या प्रतीतले अकरावे पत्र लेखनिकाने रद्द करावे, आताच, सगळ्यांसमोर. शिमेबाबांना हे सगळे स्तोशाने कानात पुन्हा सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे पुस्तक सापडलं का?" सापडले म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि खऱ्या पानांवरून बोटे फिरवत बसले.

नवी प्रत दालनातून आणली. पान फाडून टाकावे का, असे शिपायाने विचारले. कोलानने नाही म्हटले. आमच्याकडे रद्द केलेला मजकूर फाडत नाहीत. त्यावर तिरक्या रेघांची जाळी मारतात, आणि ती अशी मारायची की खालचे अक्षर न् अक्षर वाचता आले पाहिजे. उद्या कोणी विचारले, काय रद्द केले, तर दाखवता यायला हवे. समासात रद्द करण्याचे कारण लिहायचे आणि ते मोठ्याने वाचायचे.

कोलानने लेखणी घेतली. रेघा सरळ आल्या, त्याच्या नेहमीच्या. मग तो समासाकडे आला. तिथे त्याला पुष्कळ वेळ लागला. एका ओळीचे कारण, पण तो तीन वेळा शाईत लेखणी बुडवून थांबला.

"वाचा," नगरपाल म्हणाले.

"हे पत्र सालुव्हियसचं नाही," कोलानने वाचले. "यातली मुलगी त्रावन्याचा लेखनिक कोलान याची." आणि तिथे तो अडला.

पुढे एकच नाव होते. सगळे वाट बघत राहिले. न वाचता सोडले तर समासातल्या ओळीला अर्थ उरत नव्हता, ती लिहिली काय आणि न लिहिली काय सारखेच होते. भिंतीशी बसलेला ग्रुबान ते नाव सांगू शकला असता, त्याने मान खाली घातली.

"येलुशा," कोलान म्हणाला.

आणि मग तो रडला. सगळ्यांसमोर, लेखणी हातात धरून, लहान पोरासारखा आवाज काढून रडला. पावणेदोन वर्षांचे सगळे त्यात होते. कोणी त्याला थांबवले नाही. शिमेबाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि हातातली पाने बाजूला ठेवली.

बऱ्याच वेळाने काप्रांनी विचारले की पादुआसाठी एक नक्कल मिळेल का. दहा पत्रांची करून देतो, असे कोलान म्हणाला.

"अकरा," काप्रा म्हणाले. "रेघांसकट. आणि समासही घ्या."

कोलानने बाहीने तोंड पुसले, वाळू टाकून शाई सुकवली आणि नकलेसाठी कोरा कागद मागितला.